मालिनीच्या उखाण्यांची मालकी

उखाणा घेताना तो मुळात कुणी केला, हे तुम्ही कधी विचारलंय? आम्हीही नव्हतं विचारलं. म्हणूनच मुलुंडच्या आमच्या महिला मंडळात एकट्या मालिनीपायी इतके किस्से साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा आपोआप पुढे येतो.

मालिनी माझी शेजारीण. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास दर संक्रांतीला ती नवा उखाणा करायची. एकदा केला, ‘दूधकेंद्राच्या रांगेत बाटल्यांची खणखण, वसंतरावांचं नाव घेते, संक्रांतीचा आज सण.’ वसंतराव म्हणजे तिचे यजमान.

चारच दिवसांनी मंडळातल्या सुशीलाने आपल्या घरच्या हळदीकुंकवाला तोच घेतला. घेतला तो घेतला, घाईत नावही वसंतरावांचंच घेतलं! तिचे यजमान दत्ताराम बाहेर पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

मालिनी शांतपणे म्हणाली, “नवरा ठेव हवा तर दोन दिवस, माझी ओळ तेवढी परत दे.”

*

मग तिने मंडळात नियमच करून घेतला. उखाणा झाला की करणारीचं नाव सांगायचं. मी म्हटलं, कशाला एवढं?

“स्वयंपाक खाऊन संपतो, रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. माझं म्हणून राहील असं एवढंच आहे गं.”



नियम पहिल्यांदा पाळला तो आमच्या मजल्यावरच्या नव्या सुनेने. नवऱ्याचं नाव घेतलं आणि लगेच म्हणाली, “रचना मालिनीताईंची.” गावाहून आलेली सासू ताडकन उठली. “ही मालिनी कोण गो? आमच्या सुरेशाच्या नावाफुडे तिचा नाव कित्याक?”

*

पुढच्या वर्षी नियम आणखी कडक. विचारल्याशिवाय घ्यायचाच नाही. नेमकी संक्रांतीला मालिनी माहेरी. सुशीलाने पत्र टाकून परवानगी मागितली. होकाराचं पोस्टकार्ड आलं ते रथसप्तमी उलटल्यावर. सगळ्यांनी आपले आजीच्या वेळचे उखाणे घेतले.

परत आल्यावर मालिनी मला हळूच विचारत होती, माझा कुणी घेतला का? त्या वर्षी तिचे उखाणे अगदी सुरक्षित राहिले. कुणी घेतलेच नाहीत.

*

आणि तिच्या लेकीचा, नलूचा साखरपुडा. मालिनीने नवी नवरी असताना केलेला पहिला उखाणा, मनोरीच्या होडीचा, नलूला लग्नात घ्यायचा होता. फक्त नाव बदलून. मायलेकींनी महिनाभर घोकला होता.

साखरपुड्याला मुलाच्या पार्ल्याच्या आत्यांना आग्रह झाला. त्या उभ्या राहिल्या आणि अक्षरन् अक्षर तोच उखाणा घेतला. मालिनीच्या हातातलं पेढ्यांचं ताट तिरकं झालं.

मी मुद्दामच विचारलं, कुणी केला हो इतका छान?

“आमच्या सासूबाईंनी,” आत्या म्हणाल्या. “घरचा आहे. विचारल्याशिवाय आम्ही तो कुणाला घेऊ देत नाही हं.”

नलू आईकडे बघायला लागली. मीही. मालिनीने ताट सरळ केलं आणि आत्यांना पेढा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठेवणीतली साडी नेसून पार्ल्याला आत्यांकडे गेली आणि नलूसाठी त्या उखाण्याची परवानगी मागून घेऊन आली.