लाल रंगातल्या परबकाकू

१. आज मुलुंडच्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये तीन नवे पेशंट आले.
२. फॉर्मवर ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ या प्रश्नापुढे तिघांनीही लिहिलं: बागेतल्या परबकाकूंकडून.
३. माझ्या यादीत परबकाकू लाल रंगात आहेत. लाल म्हणजे उपचार अर्धवट सोडून गेलेले.

नवे पेशंट मिळाले नाहीत तर महिनाअखेरीस क्लिनिक बंद करायचं, असं मी ठरवलं होतं. म्हणून संध्याकाळी त्या बागेत गेले.

बुचाची फुलं अगदी सावकाश खाली येत होती. त्यांच्यातून परबकाकू काठीशिवाय चालत होत्या. मी सवयीने त्यांची पावलं मोजू लागले आणि मध्येच आकडा विसरले. ऊन कधी गेलं ते कळलंच नाही.

“काकू, मधेच यायचं का थांबवलंत?”

“गुडघा बरा झाला गं. मग काय तुझं तोंड बघायला येऊ?”

आता लाल नावांची यादी समोर आहे. त्यातले किती जण असेच कुठेतरी चालत असतील?

माझ्याकडे यायचं थांबवलेलं कुणी हे वाचत असेल, तर रविवारपर्यंत एका ओळीत कळवा: बरं वाटलं म्हणून थांबलात, की वाटलं नाही म्हणून?