झाकलेलं ताट

माणसं रागावली की भांडी आपटतात. मी तर हमखास आपटतो. आमच्या बाई रागावल्या की भांडी इतकी हळू ठेवायच्या, की पातेलं ओट्यावर टेकलं का नाही ते डोळ्यांनी बघावं लागायचं. बाहेर पंचवीस पोरं जेवत असायची, त्यांना काही पत्ता नसायचा. माझ्या पोटात मात्र खड्डा पडायचा. आपलं काहीतरी चुकलंय आणि काय ते आपणच शोधायचंय, एवढं त्या शांततेवरून कळायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही, म्हणून बोलतो तसंच लिहितोय. करोल बागेच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. महाराष्ट्रातून मोठ्या परीक्षांच्या तयारीला आलेली पोरंपोरी तिथे जेवतात. आधी मी एका मराठी साहेबांकडे स्वयंपाकाला होतो. त्यांची बदली झाली, ते गेले, मी इथेच राहिलो. लग्न करायचं राहून गेलं. तोंड असं, की एका वर्षात चार स्वयंपाकिणी सोडून गेल्या. पोरं मला तोंडावर मालक म्हणायची. मागून काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाई आल्या त्या सकाळी दाट धुकं होतं. समोरचं दुकान दिसत नव्हतं. त्या धुक्यातून आधी एक मरून शाल आली, मग तिच्या टोकाला धरलेली सहा वर्षांची पोरगी. गाझियाबादहून पहिल्या मेट्रोने आल्या होत्या. शालीवर दवाचे बारीक थेंब होते, ते मला आजही दिसतात. परवाचं जेवण मला आठवत नाही, ते थेंब दिसतात.

नमस्कार नाही, काही नाही. म्हणाल्या, "फारकत झालेली आहे. कागद जवळ आहे. ही माझी चिनू, शाळा सुटली की इथे येऊन बसेल. चालत नसेल तर आत्ताच सांगा, परतीची गाडी पकडते." मी म्हटलं, इथे पाळणाघर नाही. त्यांनी ऐकलं, पदर खोचला आणि कणकेच्या परातीपाशी गेल्या. चिनू कांद्याच्या पोत्यावर बसून माझ्याकडे बघत राहिली. पोरगी दिल्लीत वाढलेली, तिची मराठी अर्धी हिंदीतच. थोड्या वेळाने आईला विचारते, "मम्मा, हे अंकल गुस्सेवाले आहेत का?" बाई म्हणाल्या, भूक लागलीय त्यांना.

तेच त्यांचं औषध होतं. मी ओरडायला तोंड उघडलं की म्हणायच्या, "जेवा आधी, मग बोला." पण मी जेवायचो सगळ्यात शेवटी. पोरं उठली, पातेली रिकामी झाली की ओट्यापाशी उभा राहून तळाशी उरलेलं खरवडून खायचो. खानावळवाल्याने बसून जेवलं की धंदा बसतो, असं मला वाटायचं. असं कुठे लिहिलंय विचाराल तर कुठेच नाही.

बाई येऊन दोनेक महिने झाले असतील. दुपारी दोनच्या सुमाराला ओट्याच्या कोपऱ्यात एक झाकलेलं ताट दिसायला लागलं. वर पोचा पडलेली स्टीलची ताटली. आता आमच्या धंद्यात झाकलेल्या ताटाचा अर्थ एकच. कुणाचा तरी क्लास उशिरा सुटणार आहे, त्याचं वाढून ठेवलंय. मी काही विचारलं नाही. जो पोरगा उशिरा धावत आला, त्याच्या पुढे ते ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट, पुन्हा कुणीतरी उशिरा आलेला. एकदा तर मी बाईंना सुनावलं, की तुम्ही पोरांना लाडावून ठेवता, म्हणून वेळेवर येत नाहीत.  त्या दिवशी त्यांनी कढई अशी ठेवली, की जणू कापसाची.

असं किती चाललं असेल? तीन हिवाळे गेले. मधल्या दुपारी मला आता एकच लांब दुपार असल्यासारख्या वाटतात. खिडकीतून तिरकं ऊन यायचं, भाताची वाफ त्या उन्हात चढायची, त्या वाफेत बाईंची पाठ. चिनू पोत्यावर पाढे म्हणायची आणि चुकली की चिडून पाटी आपटायची. मी कोथिंबीर निवडत बसायचो. आधी कधी निवडली नव्हती, पण ते काम त्यांच्या ओट्याजवळ असायचं. बोलणं काहीच नसायचं. संध्याकाळी त्या मेट्रोला निघाल्या की खानावळ एकदम मोठी वाटायची. याला काय म्हणतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

एका दुपारी बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, नोएडात एका मोठ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये काम मिळतंय. रविवारी सुट्टी. जवळच शाळा आहे, चिनूला घेतील. संक्रांत झाली की जाईन. मी म्हटलं, जा. एवढंच म्हटलं. आणि मग दिवसभर भांडी आपटली.

त्याच आठवड्यात लातूरचा एक पोरगा, कायम उशिरा येणारा, जेवता जेवता म्हणाला, "मालक, एक विचारू? उशिराच्या ताटात वांगं कधीच कसं नसतं? सगळ्यांना वांगं असतं त्या दिवशी यात बटाटा असतो. वर ठेचा दुप्पट." मी म्हटलं, गप गिळ. आणि आत येऊन पाण्याच्या पिंपाला धरून उभा राहिलो. वांग्याने माझ्या अंगाला खाज सुटते. हे मी दिल्लीत कुणाला सांगितलेलं नव्हतं. ठेच्याशिवाय मला घास उतरत नाही, हेही नाही. तीन वर्षं ती बाई एका माणसापुरता वेगळा बटाटा करत होती, आणि तीन वर्षं मी माझंच ताट उचलून लोकांना वाटत होतो.

दर जानेवारीत आमची पोरं पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जातात, तिथल्या लढाईत पडलेल्या आपल्या माणसांना नमस्कार करायला. त्यांच्यासोबत खानावळीतून पिठलं-भाकरी जाते. त्या वर्षी मी म्हटलं, मीही येतो, बाई, तुम्हीही चला. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. बसमध्ये बाईंनी सगळ्यांना तिळगूळ वाटला. माझ्या हातावर ठेवला आणि पुढे गेल्या. मी म्हटलं, गोड बोला नाही म्हणालात? "तुम्हाला म्हणून उपयोग नाही," म्हणाल्या. अख्खी बस हसली. मीही हसलो असेन.

तिथे पोचलो तर धुकं उतरलेलं. ते स्मारक, झाडं, पोरं, सगळं दुधात बुडवल्यासारखं. पोरं नमस्कार करायला पुढे गेली, चिनू त्यांच्या मागे पळाली. आम्ही दोघं डब्यांपाशी राहिलो. बाई आज तरी बसतील म्हणून मी सतरंजी टाकली, पण त्या पोरांची ताटं मांडायला लागल्या. कधी बसून जेवल्या होत्या त्या? मला आठवेना. मी कधी बघितलंच नव्हतं.

मग मी एक ताट घेतलं. दोन भाकऱ्या, पिठलं, कांदा फोडून. खानावळीतून ती पोचा पडलेली ताटली पिशवीत घालून आणली होती. त्या ताटलीने मी ते ताट झाकलं आणि बाईंच्या पुढे ठेवलं.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं. जेवा आधी, मग जा कुठे जायचं ते."

बाईंनी ताटली उचलून बघितली. म्हणाल्या, "तीन वर्षं लागली तुम्हाला."

"वांगं मी खात नाही, हे कुणी सांगितलं?"

"वांग्याच्या दिवशी तुम्ही नुसती भाकरी खायचात. बघायला शिक्षण लागतं का?"

मी म्हटलं, मग नोएडात कुणाचं ताट झाकणार? त्या म्हणाल्या, "ते तुम्ही सांगायचं. आणि मला नाही, आधी तिला." चिनू धुक्यातून धावत येत होती. नऊ वर्षांच्या पोरीला मी म्हटलं, नोएडाला जाऊ नका, मला तुमच्या घरात घ्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओरडणार नाही ना?" मी म्हटलं, ओरडेन, पण तुझ्यावर नाही. तिने विचार केला. "चलो, ठीक आहे," म्हणाली. बाईंनी भाकरी मोडली. पूर्ण ताट जेवल्या, बसून.

बाई नोएडाला गेल्या नाहीत, पण लग्न व्हायला पुढे आणखी दोन वर्षं गेली. मला कुठलीच गोष्ट लवकर जमली नाही. नोंदणीच्या टेबलावरही मी त्यांना बाईच म्हटलं, त्या मला मालक म्हणाल्या. शेवटपर्यंत तेच राहिलं. पण दुपारी अडीचला दोन ताटं समोरासमोर असायची. खानावळ काही बसली नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना बाई गेल्या. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात आवाज फार बारीक झाला होता. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "उभ्याने जेवू नका." मी हो म्हटलं.

आणि उभ्यानेच जेवत राहिलो. खोटं कशाला सांगू? राग होता. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान बाई आधी जाते, हे मला मान्य नव्हतं. मी भांडी आपटायचो, तळाशी उरलेलं खरवडायचो, आणि समोरची जागा बघायला नको म्हणून बसायचो नाही.

चिनू आता नोएडात नोकरी करते, रविवारी येते. पोरगी बोलायला फटकळ, दार आपटणारी, पाटी आपटायची तशीच. लोक म्हणतात, मालकांच्या वळणावर गेलीय. परवाच्या रविवारी मी ओट्यापाशी पातेलं घेऊन उभा होतो. ती आत आली, माझ्याकडे बघितलं. ओरडेल म्हणून मी वाट पाहिली.  तिने एक ताट वाढलं, त्यावर ती पोचा पडलेली ताटली ठेवली आणि ते टेबलावर ठेवलं. ठेवल्याचा आवाज आला नाही. जरासुद्धा.

माझ्या पोटात खड्डा पडला. मी पातेलं खाली ठेवलं आणि बसलो.