धरणांचे फोटो घेऊन येणारी माणसं

पूल, धरणं, बोगदे यांचे जुने फोटो स्कॅन करून ठेवायचे, एवढंच आमचं ठरलं होतं. आम्ही म्हणजे मी, आयुष्यभर नकाशे काढायची नोकरी केलेली, आणि कुलकर्णीकाका, निवृत्त इंजिनिअर, वय ब्याऐंशी. सदाशिव पेठेतल्या काकांच्या खोलीत दर शनिवारी लोक फोटो घेऊन येतात. फोटो परत घेऊन जातात, किस्से मात्र आमच्याकडेच ठेवून जातात. त्यांचे उपकारच आहेत ते.

*

जवळच राहणाऱ्या एका मास्तरांनी वडिलांचा अल्बम आणला. वडील एका रेल्वे पुलाच्या कामावर होते. पायापासून शेवटच्या गर्डरपर्यंत सगळं त्यात होतं. मी अल्बम दोनदा चाळला आणि विचारलं, की वडील कुठेच कसे दिसत नाहीत?

"अहो, मग फोटो कोणी काढले?" मास्तर म्हणाले.

तेव्हापासून आम्ही फोटो काढणाऱ्याचं नाव आधी विचारतो.

*

काकांना फोटोत आधी बांधकाम दिसतं, माणसं नंतर. एका बाईंनी पुलाचा फोटो पुढे केला, तर काका लगेच म्हणाले, की कमानीखाली आधाराला दिलेलं हे लाकडी सेंट्रिंग काही नीट बांधलेलं नाही. बाईंनी शांतपणे सांगितलं, की पुढे उभे आहेत ते माझे सासरे, त्यांनीच बांधलंय.

काकांनी चष्मा पुसला. "पूल अजून उभा आहे ना? मग माझंच चुकलं."

पुढच्या शनिवारी बाई आणखी फोटो घेऊन आल्या. डिंकाचे लाडूही होते. काकांसाठी वेगळा डबा.

*

वारज्याचे एक शेतकरी कालव्याच्या खोदाईचा फोटो घेऊन आले. म्हणाले, "कालवा रोज बघतो. हीर तेवढी मोठी करून द्या."

कोपऱ्यात विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती, नखाएवढी. त्यांची आई. तिचा दुसरा फोटोच नव्हता. मोठा केल्यावर चेहरा पार पुसट झाला. मला वाईट वाटलं, तसं मी म्हणालेही. त्यांनी प्रिंट उजेडात धरली.

"चालतंय. पदर तिचाच हाय."

*

कात्रजहून एक बाई वडिलांचा फोटो घेऊन आल्या, सोबत त्यांची म्हातारी आई, सोनाबाई. भिंतीवर धरणाच्या कामाचा मोठा फोटो होता: डोक्यावर घमेली घेऊन चढण चढणाऱ्या बारा बायका. सोनाबाई उठून जवळ गेल्या आणि बोट ठेवत एकेकीचं नाव घेऊ लागल्या. हौसा, तान्ही, शेवंता... मी लिहून घेत गेले. बाराव्या बाईवर बोट थांबलं.

"ही मी."

मग त्यांनी विचारलं, फोटो कुणी काढला. काका म्हणाले, मीच, नवीन नोकरीत असताना.

सोनाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "सायेब, तवा म्हनला हुता, सगळ्यांना एकेक फोटो देतो."

काकांनी उठून फ्रेम भिंतीवरून काढली, बाहीने काच पुसली आणि दोन्ही हातांनी सोनाबाईंना दिली. सोनाबाईंनी ती छातीशी धरली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"ह्यो माझा झाला. आन् बाकीच्या अकराजणींचा?"