बारा राजधान्या आणि बदनापूरची गाडी

आर्मेनियाच्या राजधान्यांवर बोलायला मिळावं म्हणून व्याख्यानमालेच्या मंडळींकडे मी किती चकरा मारल्या, ते माझं मलाच ठाऊक. मी जालन्यात कॉलेजात इतिहास शिकवते. दरवर्षी उत्तर ठरलेलं असायचं, "मॅडम, विषय चांगलाय, पन लोकांना काय घेनं त्याच्याशी?" यंदा ठरलेले वक्ते ऐनवेळी आजारी पडले आणि मस्तगडातल्या सभागृहात माझी वर्णी लागली.

खरं सांगायचं तर मला एकाच माणसाला ऐकवायचं होतं, माझ्या वडिलांना. अण्णा बदनापूरजवळच्या खेड्यात राहतात, शेती करतात. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. बहुतेक बापांचं हे वर्ष-दोन वर्षांत निभावून जातं. मला मूल झालं नाही. त्यामुळे अण्णा अजूनही येतात ते तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन, दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. प्यायचं पाणी बाटलीत घरूनच आणतात. त्या बाटलीचा मला एवढा राग येतो की उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावी. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, आईने समजावून पाहिलं. "रीत हाये," एवढंच म्हणतात. बरं, दारात बसून बापाशी काय बोलणार? मी आयुष्यभर काय वाचते, काय शिकवते, हे त्यांनी कधी ऐकलंच नाही. सभागृहाला मात्र रीत आडवी येणार नव्हती. म्हणून मी त्यांना हट्टाने बोलावून घेतलं.

अण्णा दुपारच्या गाडीने आले, पांढरा सदरा घालून, पिशवी-बाटलीसकट. पहिल्या रांगेत बसले.

आणि मग सत्कार सुरू झाले. आधी अध्यक्षांचा, मग प्रमुख पाहुण्यांचा, मग ज्यांनी सभागृह दिलं त्यांचा, मग ज्यांनी माइक दिला त्यांचा. शाल, श्रीफळ, फोटो. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा शाल. आपल्याकडे व्याख्यान म्हणजे सत्कारांच्या शेवटी उरलेल्या वेळात करायची गोष्ट. अध्यक्ष बोलायला उठले ते थेट पैठणला गेले, तिथून देवगिरीला, मग दिल्लीहून दौलताबादला राजधानी आणणाऱ्या सुलतानाला त्यांनी चांगला धुतला. शेवटी म्हणाले, "मॅडम यावरच सविस्तर बोलतील." मी हसले. दुसरं काय करणार?

मी उठणार तेवढ्यात सूत्रसंचालकांना आठवलं की वक्त्यांचे वडील सभागृहात आहेत. झालं. अण्णांना वर बोलावलं, शाल पांघरली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. अण्णांनी माइककडे पाहिलं आणि म्हणाले, "मी तिचं ऐकाया आलोय." एवढं बोलून खाली उतरले. अख्ख्या कार्यक्रमात नेमकं बोललेला तेवढा एकच माणूस.

मी भरभर सुरुवात केली. आजची येरेवान धरून आर्मेनियाच्या बारा राजधान्या सांगतात. सरोवराकाठची वान सांगितली. टेकडीवरचं अर्माविर सांगितलं, जिथून म्हणे नदीच लांब सरकली आणि मग राजाने नदीकाठी येरवंदाशात नावाचं शहर वसवलं. अर्ताशात नावाचं शहर सांगितलं. दुरून दुरून माणसं जबरदस्तीने आणून वसवलेल्या तिग्रानाकेर्टला पोचले, तोच चिठ्ठी आली, "आवरतं घ्या. पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम आहे." सगळी तयारी मी ज्या शहरासाठी केली होती, ते अजून पुढे कुठेतरी होतं. मी चिठ्ठी मुठीत चुरगळली आणि धन्यवाद म्हणून खाली बसले. टाळ्या मात्र जोरात पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही रिक्षा केली. स्टेशनवर अण्णांना बाकड्यावर बसवलं आणि गाडीची वाट बघत उभी राहिले. शाल, नारळ आणि बाटली त्यांच्या मांडीवर होती.

"बारा म्हनली व्हतीस तू," अण्णा म्हणाले. "बाकीच्या कुठं गेल्या?"

"राहू द्या अण्णा. आता काय उपयोग त्याचा?"

"मी काय शाल घ्याया आल्तो का? सांग."

मी बसले. रागातच सांगायला लागले. वाघार्शापात हे शहर सांगितलं. मोठ्या बाजारपेठेचं द्विन सांगितलं, ते भूकंपात पडलं. मग बगारान, शिराकावान, कार्स. अण्णा मधूनच विचारत होते, "आन् कामून हलवली?" कुठे नदी, कुठे शत्रू, कुठे राजाची लहर. तेवढ्यात गाडीची घोषणा झाली, गाडी लागलीही. मी थांबले.

"गाडी आली अण्णा."

"दिसून राह्यली मला. तू फुडचं सांग."

"अहो, ही गेली तर पुढची कधी येईल त्याचा पत्ता नाही."

अण्णा उठले नाहीत. गाडी निघून गेली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यासाठी कधी गाडी सोडली नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं, पण जुना रागच पुन्हा वर आला.

मग मी त्यांना सभागृहात राहून गेलेलं माझं शहर, अनी, सांगितलं. हजार देवळांचं शहर म्हणून नावाजलेलं. आज तिथे कुणी राहत नाही. मधे एक नदी आहे आणि नदीवर सीमा. शहर तुर्कस्तानात गेलंय आणि सीमा कितीतरी वर्षं बंद आहे. आर्मेनियातली माणसं अलीकडच्या काठावर येतात, समोर आपली जुनी राजधानी बघतात. घुमट दिसतो, भिंती दिसतात. उभं राहून बघायचं आणि परत जायचं.

"एवढं जवळ?" अण्णांनी विचारलं.

"एवढं जवळ. तुमच्यासारखंच की," माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही पण दारातून बघता आणि परत जाता. त्यांना तर सरकारने अडवलंय अण्णा. तुम्हाला कुणी अडवलंय? मला मूल झालं नाही, त्याची तुम्ही मला शिक्षा देताय."

हे वाक्य मी कित्येक वर्षं गिळत आले होते. शेजारच्या बाकड्यावरची बाई वळून बघायला लागली. अण्णा खाली मान घालून नारळाची शेंडी उपटत बसले. मला वाटलं, आता हे पुढच्या गाडीची चौकशी करायला उठणार.

उठले. पण बाहेरच्या फाटकाकडे वळले. "चल," म्हणाले, "रिक्षा बघ."

घरी आल्यावर बाहेरची खुर्ची तशीच राहिली. अण्णांनी दारात चपला काढल्या, आत येऊन सोफ्याच्या अगदी कडेला बसले. बाटलीत अजून पाणी होतं, मी पाहिलं होतं. ती त्यांनी पिशवीत खाली घातली.

"पानी दे," म्हणाले.

मी तांब्या भरून आणला. हे आधी का नाही केलंत, असं मला ओरडून विचारायचं होतं. इतक्या वर्षांचा राग एका तांब्याने जाणार नव्हता. पण ते पीत होते, म्हणून तांब्या रिकामा होईपर्यंत मी थांबले.