दाजींचा धडा

सासऱ्यांसकट सासऱ्यांची बाज मोडणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच जावई.

दिवाळीला कोहिनूर गावी सासुरवाडीला गेलो होतो. ओसरीतल्या बाजेच्या एका कडेला सासरे खलबत्त्यात पान कुटत बसले होते. दुसऱ्या कडेला मी टेकलो. नुसता टेकलो! कडाड् आवाज झाला, बाजेचा पाय मोडला, मी जमिनीवर गेलो आणि सासरे खलबत्त्यासह घरंगळत माझ्या मांडीवर आले. जावयाला बोलायची आपल्यात रीत नाही. त्यांनी मांडीवरूनच विचारलं, "लागलं तर न्हाई न्हवं, जावाई?"

मेहुणा शिवप्पा धावत आला. "दाजी, मनाला लावून घेऊ नगा. बाज जुनीच होती!"

(बाज दसऱ्याला विणून आणलेली होती. तिच्या सुंबाचा वाससुद्धा अजून गेला नव्हता.)

परतीच्या वाटेवर बैलगाडीत मी बायकोला गंभीरपणे म्हणालो, "ठरलं. आता वजन उतरवायचं."

"आदी सोता उतरा," ती म्हणाली. "चढ आलाय, बैलं दमलेत."

मी ठाणाकुशनूरच्या शाळेत मास्तर. शिवप्पाचं धान्याच्या अडतीचं दुकान त्याच गावात, आमच्या दारासमोर. दुकानात तुळईला मोठा काटा टांगलेला होता. दोन्ही पारडी एवढी ऐसपैस, की पोतं बसावं. गावात माणूस तोलायचं दुसरं साधन नव्हतं, म्हणून मीही पोत्यासारखाच एका पारड्यात मांडी घालून बसलो. दुसऱ्यात शिवप्पानं वजनं टाकली, एक डोळा मिटून काटा पाहिला आणि धान्याचा भाव पुकारावा तसा पुकारा केला, "अडीच मण! बारदानासकट!"

बारदान म्हणजे माझं धोतर, कोट आणि टोपी.

दुसऱ्या दिवसापासून तूप बंद, भात बंद. सकाळी आंबील, संध्याकाळी अर्धी भाकरी आणि तिच्याकडे बघून सोडलेला सुस्कारा. पहाटे उठून दंड. (दंडात खाली जाणं मला पहिल्या दिवसापासून उत्तम जमलं. अडचण होती ती वर येण्याची.) मग वाटलं, काहीतरी उचलायलाही हवं. शिवप्पाच्या दुकानात काट्याखाली एक काळा गुळगुळीत दगड पडलेला असायचा, मधे खाच पडलेला, हातात झकास बसणारा. शिवप्पा जेवायला गेला होता. म्हटलं, दगड कुणाच्या मालकीचा असतो होय? उचलून आणला आणि न्हाणीपाशी ठेवला. रोज सकाळी तो डोक्याच्या वर न्यायचा, कपाळाला टेकेस्तोवर खाली आणायचा आणि जमिनीवर ठेवून दम खात त्याच्यापुढे वाकून उभं राहायचं, असा माझा क्रम सुरू झाला.

एकदोन दिवसांनी शिवप्पानं दुकानातूनच हाळी दिली, "दाजी, धडा कुटं गेला हो? दिसंना झालाय!"

त्याचं पोरगं माझ्याच वर्गात. मी उलट ओरडलो, "तिसरा झाला, चौथा चालू आहे! मन लावून करतोय!"

शिवप्पा माझ्याकडे टकामका पाहत राहिला आणि आत गेला. मास्तरलोकांशी फार बोलू नये, असं त्याचं पूर्वीपासूनचं मत.

खरिपाचा माल निघून गेला होता, ज्वारी यायला अवकाश होता, त्यामुळे दुकानात काटा रिकामाच. पुढच्या खेपेला मी ऐटीत जाऊन पारड्यात बसलो. शिवप्पा वजनं टाकत गेला. टाकतच गेला.

"दाजी, अडीच मण पाच शेर."

"काय?"

"पाच शेर चढलाव की! अक्का काय खाऊ घालायलीय?"

अक्का, म्हणजे आमची बायको, दारातच उभी होती. "मी? आंबील घालायले! अवं, खरं सांगा, कुणाच्या घरी जाऊन खायलाव?"

"शप्पत! कुणाच्याही नाही!"

"मग पाच शेर काय वारं पिऊन चढले?"

उभ्या जन्मात मी पहिल्यांदाच खरं बोलत होतो, आणि नेमकं तेव्हाच कुणाला पटेना! शेवटी औरादचे हकीम आले. त्यांनी माझी पोटरी दाबून पाहिली. "मास्टर साब, ये गोश्त नै. बदन में पानी भर रा."

"मग व्यायाम?"

"और करो!"

मी तो दगड दुपटीनं उचलू लागलो.

पुढच्या खेपेला मनात आलं, या पारड्यानं मागं दगा दिला, जागा बदलून पाहावी. (पत्त्यांत डाव लागेना की आपण जागा बदलतोच ना?) म्हणून पलीकडच्या पारड्यात बसलो. शिवप्पानं वजनं टाकली आणि या वेळी एकेक काढू लागला. काढताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"दाजी... अडीच मणाला पाच शेर कमी."

म्हणजे दहा शेर उतरले! मला गगन ठेंगणं झालं. ते ठेंगणेपण दुकानापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत टिकलं. बायकोच्या हातातली पळी गळून पडली.

"दहा शेर? इतक्यात? माजा काका बी असाच उतरायलाता... लोकं म्हनायचे, अंगरखा कामून मोठा व्हायलाय..." तिनं पदर तोंडाला लावला.

मी अंगातल्या कोटाकडे पाहिलं. कोट मोठा झाला होता! (भ्यालेल्या माणसाचा कोट सैलच होतो, हे मला आता कळतं.) हकीम पुन्हा आले. नाडी धरली, मान हलवली. "पानी तो उतर गया, मास्टर साब. मगर साथ में आप बी उतर रै."

मी अंथरूण धरलं. चालताना दम लागू लागला, झोपल्यावर खोकला येऊ लागला. पण सगळ्यांत भीती कशाची वाटली सांगू? बायको भांडायची थांबली! न मागता भाकरीवर तूप वाढू लागली, आणि "अवं" म्हणताना तिचा आवाज ओला होऊ लागला. एवढं मऊ ती माझ्याशी लग्नातसुद्धा बोलली नव्हती.

एके सकाळी उठून न्हाणीकडे गेलो, तर ही माझ्या व्यायामाच्या दगडाला हळदकुंकू लावून हात जोडून बसलेली. "माज्या मानसाला नीट कर, देवा. त्यांचं वजन त्यांच्यापाशीच ऱ्हाऊ दे."

"अगं, हे काय?"

"तुमीच रोज उचलून कपाळाला लावताव, म्होरं वाकताव. कुनचा देव हाय ते इचारलं न्हाई, पर जागृत दिसतोय."

तो दुकानातला धोंडा आहे, हे सांगायची माझी छाती झाली नाही. खरं सांगतो, मीही हळूच हात जोडले.

ज्वारीच्या गाड्या येऊ लागल्या, त्या दिवशी शिवप्पा विचारपूस करायला घरी आला. पाय धुवायला न्हाणीकडे गेला आणि तिथूनच किंचाळला, "अयय्यो! माजा धडा!"

मी अंथरुणातून क्षीण आवाजात म्हणालो, "शिवप्पा, आता धडे दुसरा मास्तर घेईल..."

"शाळंतला न्हवं हो! काट्याचा धडा!" तो हळदकुंकवाचा दगड पोटाशी धरून आत आला. "माजं एक पारडं पत्रा ठोकून जड झालंय. दुसऱ्यात ह्यो दगड टाकला की दोनी पारडी सारकी. त्यालाच धडा म्हंतेत! पैल्या खेपंला ह्यो होता. मग तुमी उचलून आनलाव, अन् जड पारड्यात बसलाव, तर पाच शेर जास्ती. मग हलक्यात बसलाव, तर पाच शेर कमी!"

माझा खोकला जागच्या जागी थांबला.

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"तुमाला काय व्हतंय!"

"अन् धडा न्हवता, तर तसंच तोललास कामून रे?" बायको त्याच्यावर कडाडली.

"अक्का, दाजीला काय इकायचं होतं का?"

तशीच आमची वरात दुकानात गेली. हळदकुंकवासकट दगड पारड्यात पडला, मी दुसऱ्यात बसलो, शिवप्पानं डोळा मिटला. "अडीच मण! बारदानासकट!"

एवढी आंबील प्यालो, एवढे दंड काढले, आणि पावशेरसुद्धा कमी नाही! पण देवाशपथ सांगतो, त्याहून गोड शब्द मी आजवर ऐकलेले नाहीत. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि घरी जाऊन पुरण शिजत घातलं. होळग्या झाल्या, त्यांवर तूप झालं, आणि मी नव्या भक्कम बाजेवर आडवा झालो. डोळा लागतोय तोच शिवप्पाचा चाचरता आवाज ऐकू आला, "अक्का, हळदकुकू लावलेला देव हाय. नेऊ का दुकानात?"

"ने की. त्यानं त्याचं काम केलं," आमची बायको म्हणाली. "अन् परत हरवला तर हुडकत बसू नगंस. घरात अडीच मणाचा धडा हाय, दिसभर बाजंवर पडून आसतो, कुटं जात न्हाई!"