लाभार्थी क्रमांक सात

"लाभार्थी क्रमांक सात," मी माईकवर म्हणालो, आणि माझी आई पायऱ्या चढून मंचावर आली.

रायपूरच्या शंकर नगरातलं एक सभागृह. शनिवारची दुपार. आईनं ठेवणीतली निळी साडी नेसली होती, इस्त्रीची घडी अजून दिसत होती. एका कंपनीच्या तरुण साहेबानं तिच्या हातात पिशवी दिली. पाच किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ, तेलाची एक थैली. पिशवीवर कंपनीचं नाव लाल अक्षरात, शेवटच्या रांगेतूनही वाचता येईल एवढं मोठं. फोटोग्राफर म्हणाला, इकडे पाहा. आई तिकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. हसत होती. साहेबानं तिचा कोपर धरून तिला कॅमेऱ्याकडे फिरवलं, कपाट सरकवून नीट लावतात तसं. ती पुन्हा माझ्याकडे वळली.

खोळंबा झाला. खोळंबा झाला की विनोद करायचा, हाच माझा धंदा. मी म्हणालो, "माताजी, कैमरे की तरफ़ देखिए. चावल कहीं भागेगा नहीं."

सभागृह हसलं. पुढच्या रांगेतले तर खुर्चीत मागे रेलून हसले. त्या क्षणी तो हशा मला आवडला होता. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला चांगला माणूस समजायला नको.

मी त्याच शहरातल्या गुढियारीचा, हमाल-मजुरांच्या वस्तीतला. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलायचे. भंडाऱ्याकडून आलेले. मला पोती उचलता येत नव्हती, पण मालधक्क्याच्या बाबूसारखं नाकात बोलता यायचं. स्टेशनवरची बाई गाडी उशिरा असल्याचं किती आनंदानं सांगते, ते करून दाखवता यायचं. पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, गणपतीत मी हेडमास्तरांची अशी नक्कल केली होती की खुद्द हेडमास्तर टाळ्या वाजवत होते. त्यांना ती दुसऱ्याच कोणाची तरी वाटली.

मग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि शहराला सोहळ्यांचं वेड लागलं. रोज कुठेतरी फीत कापली जायची. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा यायचे. ते येईपर्यंत कोणीतरी बोलत राहायला हवं. तो कोणीतरी मी झालो. मला कोट मिळाला. शंकर नगरात एक खोली भाड्यानं घेतली आणि विचारणाऱ्याला मी शंकर नगरचा असं सांगू लागलो.

मला मंचावर आणलं ते असे सोहळे भरवणाऱ्या भाऊसाहेबांनी. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं, आणि हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगत. पांढरा सदरा, हळू आवाज, शुद्ध मराठी. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून "मले माईक द्या" असं निघालं. ते हसून म्हणाले, "'मला' म्हणावं. 'मले' हमाल म्हणतात."

माझा बाप हमाल होता. मी काय केलं? मीही हसलो. आणि त्या दिवसापासून मले, तुले, काहून सोडून मला, तुला, का असं बोलू लागलो. आईशीसुद्धा. ती एकदा शेजारणीला म्हणाली, पोट्टा आता पेपरासारखा बोलते. मला वाटलं कौतुक करून राहिली.

तर त्या वर्षी भाऊसाहेबांनी गरजूंसाठी धान्य गोळा करण्याची मोठी मोहीम काढली. कारखानावाले आले, सदर बाजारातले सराफ आले, एक दोन क्लब आले. पाऱ्यापाऱ्यांतूनही धान्य मागवलं. गुढियारीत ते काम आईनं अंगावर घेतलं.

आमच्याकडे पौष पुनवेला छेरछेरा असतो. नवं धान घरात आलं की लोक टोपली घेऊन दारोदार जातात, "छेरछेरा" म्हणून हाक देतात, आणि प्रत्येक घरातून ओंजळभर धान नाही तर तांदूळ मिळतो. त्या दिवशी कोणीही कोणाच्याही दारात मागतं. सकाळी जो देतो तोच दुपारी टोपली घेऊन निघतो. कोणाला लाज नाही, कोणाचे उपकार नाहीत, कोणी किती घातलं ते कोणी पाहत नाही. आम्ही मराठी, पण तीस वर्षं त्या पाऱ्यात राहून आईचा छेरछेराही त्यांच्याएवढाच. त्या वर्षी आई आणि शेजारच्या दहा बायका मिळून निघाल्या. ओंजळीओंजळीनं तीन पोती तांदूळ जमला. मोहिमेचे लोक महिन्यानं न्यायला येणार होते, म्हणून आईनं तो निवडला, उन्हात टाकला, आणि किडे लागू नयेत म्हणून पोत्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला.

मग घरी छापील कार्ड आलं. गुढियारीच्या महिला दात्यांना शनिवारी सत्काराचं निमंत्रण. आईनं ते देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलं. मी गेलो तेव्हा काढून दाखवलं आणि म्हणाली, "तूच बोलशीन ना माइकवर? माहं नाव पुरं घेजो. इंदुबाई."

मी हो म्हणालो.

शनिवारी त्या अकराजणी कार्ड घेऊन फाटकाशी आल्या. फाटकावरच्या स्वयंसेवकानं कार्ड पाहिलं नाही, चपला पाहिल्या. विचारलं, गुढियारी? आई म्हणाली, हव. त्यानं डावीकडची रांग दाखवली. ती लाभार्थ्यांची रांग होती. बायकांना वाटलं सत्काराची. हसतबोलत त्या तिथे उभ्या राहिल्या, एकमेकींचे पदर नीट करत.

मी ते विंगेतून पाहिलं. भाऊसाहेबांना म्हणालो, त्या बायका दात्या आहेत, तीन पोती दिलीत त्यांनी.

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून रांगेकडे पाहिलं. दात्यांचा मुख्य सोहळा उद्या, मोठे साहेब उद्या येणार, आज वाटपाचे फोटो हवेत आणि लाभार्थी कमी पडताहेत, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग म्हणाले, "दिल्या असतील पोती. पण दाता दिसायलाही हवा ना? राहू देत तिथेच. नावं नकोत, नंबर घे, लवकर आटपेल." आणि जाता जाता, "ओळखीच्या आहेत का?"

"नाही," मी म्हणालो. "पाऱ्यातल्या आहेत, एवढंच."

हे मी म्हणालो. कोणी गळा धरला नव्हता. उद्याचा मोठा कार्यक्रम हातचा जाईल, एवढीच भीती.

म्हणून आई मंचावर माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतं आधी नंबर येतो, मग नाव येतं. ती नावाची वाट पाहत होती. मला ते कळत होतं. मी तांदळाचा विनोद केला आणि क्रमांक आठला बोलावलं.

संध्याकाळी गुढियारीत गेलो. आई दारात सूप घेऊन बसली होती. पिशवी फोडलेली. सुपात तांदूळ पसरलेला आणि बाजूला जमिनीवर कडुनिंबाची वाळकी पानं.

"हे पाह्य," ती म्हणाली. "माहाच तांदूळ होय."

कारखान्याच्या तांदळात कडुनिंब कोण घालेल? तीन पोती फोडून लाल अक्षरांच्या पिशव्यांत भरली होती. तिनं मागून आणलेलं, तिनं निवडलेलं, तिलाच दान दिलं होतं. वर फोटो काढला होता. खरं सांगू, मला आधी हसू फुटलं. किस्से सांगणाऱ्याची जीभ, तिला एवढा मोठा किस्सा सोडवत नाही.

"हास," आई म्हणाली. "तुले हासूच येते."

मग बराच वेळ ती पानं वेचत राहिली. बाकीच्या दहाजणी तिच्याशी बोलून राहिल्या नव्हत्या. त्यांना कार्ड दाखवून तिनंच नेलं होतं. माझा पोट्टा हाय तिथं, असं सांगून नेलं होतं.

"तू मले नंबर काहून देल्ला?"

मी म्हणालो, भाऊसाहेबांनी सांगितलं.

"मी कोनाची माय आहो? भाऊसाहेबाची का तुही?"

तिनं निवडलेला तांदूळ डब्यात ओतला. पुढच्या छेरछेऱ्याला लागेल म्हणाली. पिशवीची घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाली, हे तुहं.

रविवारी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत कंपनीचे मोठे साहेब, सराफ, क्लबवाले. टेबलावर चकचकीत शील्ड. भाऊसाहेबांनी यादी दिली. आठ दाते. प्रत्येकाच्या नावापुढे काय काय विशेषणं लावायची तेही लिहिलेलं. दानवीर, करुणामूर्ती, अन्नदाता.

मी कोट नीट केला. माईकवर टकटक केलं. तोच माझा आवाज, तीच फेक. म्हणालो, "दाता क्रमांक एक."

कोणी उठलं नाही. मोठ्या साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे हात केला आणि पुन्हा म्हणालो, दाता क्रमांक एक, मंचावर या. ते गोंधळून आले. शील्ड हातात घेतली. आपलं नाव येईल म्हणून माझ्याकडे पाहत उभे राहिले. आदल्या दिवशी आई उभी होती, अगदी त्याच जागी.

मी म्हणालो, "साहब, कैमरे की तरफ़ देखिए. शील्ड कहीं भागेगी नहीं."

एकही माणूस हसला नाही. शब्द तेच, फेक तीच. काल ते विनोदाला हसले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

भाऊसाहेब विंगेतून धावत आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना धावताना पाहिलं. "काय चाललंय? शुद्धीवर आहेस का?"

"मले बोलू द्या," मी म्हणालो.

त्यांनी माईकची वायर ओढली. मी तसाच, माईकशिवाय, मोठ्यानं सांगू लागलो. ह्या मोहिमेत गुढियारीनं तीन पोती तांदूळ दिला, तो कंपनीच्या पिशवीत घालून काल गुढियारीलाच वाटला. देणाऱ्यांची नावं ऐका. इंदुबाई, ही माझी माय. शेवंताबाई. बिसाहिनबाई. कुसुमताई. मंटोराबाई. सुमित्राबाई. केजाबाई. लताबाई. चंद्रकलाबाई.

आणि थांबलो. दोन राहिल्या होत्या. एकीला मी जन्मभर मनोजची माय म्हणत आलो, दुसरीला नळाजवळची काकी. त्यांच्या हातचं जेवलो होतो. नावं मला माहीतच नव्हती. भाऊसाहेबांना दोष द्यायला मंचावर चढलेला मी, तिथे तोंड उघडं ठेवून उभा. तेवढ्यात दोघांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

बातमी माझ्याआधी पाऱ्यात पोचली. आई चुलीपाशी होती. वळून पाहिलंही नाही.

"नऊच सांगतले म्हनते?"

"हव."

"दुलारी आन गंगा," ती म्हणाली. बाकी काही नाही.

मी त्या दोघींच्या दारात गेलो. दुलारीबाईंनी पाणी दिलं. गंगाबाईंनी दार उघडलं नाही. शंकर नगरातली खोली सोडली. त्या मोठ्या मंचांवर मला परत कोणी बोलावलं नाही. आई माझ्या एकाही कार्यक्रमाला त्यानंतर आली नाही, आणि मी तिला ये म्हणालेलो नाही. तेवढं तोंड मला अजून नाही.

माईक मी सोडलेला नाही. लग्नं करतो, गणपती करतो, कुठे धान्यवाटप असेल तर तेही करतो. लोक किस्से सांग म्हणतात, तेव्हा हा सांगतो, आणि दोन्ही विनोद माझेच होते हे सांगतो. पण मंचावर चढण्याआधी रांगेत जातो. देणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या, दोन्ही रांगांत. एकेकाला पूर्ण नाव विचारून हातानं लिहून घेतो. आयोजक घड्याळ दाखवतात. नावं राहू दे, नंबर घे म्हणतात.

मी माईक खाली ठेवतो. मले जमत नाही म्हणतो. आणि नावं होईपर्यंत तो उचलत नाही, मग प्रमुख पाहुणे येऊन बसलेले असोत.