पुरुष, एकटा, चालताना

बातम्यांच्या चॅनेलात तिला सगळे फुटेजबाई म्हणत. खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक. आलेलं प्रत्येक दृश्य पाहायचं, त्याला ओळखीचे शब्द जोडायचे आणि मागितल्याबरोबर सापडेल असं ठेवायचं, हे तिचं काम. आज घडलेलं ते ताजं. जुनं पुन्हा दाखवायचं तर कोपऱ्यात ‘संग्रहित’ अशी पट्टी हवीच. सीसीटीव्हीचं वेगळं, लोकांनी मोबाइलवर काढून पाठवलेलं वेगळं. आणि ज्या बातमीला दृश्यच नाही, तिच्यासाठी ‘प्रातिनिधिक’: चालणारे पाय, पाठमोरी गर्दी, दवाखान्याचं दार. ही बिचारी दृश्यं कुठल्याही बातमीत खपून जातात. मात्र त्यांत चेहरा नको, असं ती नव्या संपादकांना डोकं उठेपर्यंत बजावायची.

आणि एकदा तिनंच ते धाब्यावर बसवलं. चालण्याच्या फायद्यांवर एक निरुपद्रवी बातमी होती, कॅमेरामनला चालणारा माणूस हवा होता. नवरा नेमका तिचा विसरलेला चष्मा द्यायला आला होता. त्यालाच ऑफिसमागच्या गल्लीत, लेकीच्या शाळेच्या भिंतीकडेनं फेऱ्या मारायला लावल्या. स्वारी पुढे आठवडाभर हिरो म्हणून घरात मिरवली! क्लिप ठेवताना तिनं शब्द लिहिले: पुरुष, एकटा, चालताना, शाळेची भिंत. शब्दांच्या बाबतीत तिचा हात सढळ. ‘फक्त आरोग्यासाठी’ एवढं मात्र लिहायचं राहून गेलं.

त्या दिवसांत गावभर एकच विषय होता, मुलं पळवणारी टोळी. टोळी कुणी पाहिली नव्हती, पण घाबरले सगळेच होते. तीही घाबरली होती. म्हणून तर नवरा रोज कामातून वेळ काढून लेकीला शाळेतून आणायला जात होता.

दुपारच्या बातम्यांत तिनं सहज भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं. ‘शाळांभोवती घिरट्या घालणारे हे कोण?’ खाली ठळक अक्षरं, वर तिचा नवरा. दृश्य मुद्दाम संथ केलेलं, मागे भीतीचं संगीत. कोपऱ्यात पट्टी नाही.

ती धावत संपादकाकडे गेली. “हे कुठून काढलंत?”

“तुमच्याकडचंच की, ताई. शाळा, पुरुष, एकटा असं टाकलं, पहिलं हेच आलं.”

“अहो, तो माझा नवरा आहे! आणि प्रातिनिधिकची पट्टी कुठाय?”

त्यानं कपाळावर हात मारला. “घाईत राहिली हो...”

दृश्य लगेच काढलं. पण तोवर कुणीतरी टीव्हीचा पडदा मोबाइलवर टिपला होता. तिच्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपमधून तो येऊन पडला, चेहऱ्याभोवती लाल गोल काढून. वर लिहिलं होतं, ‘दिसला तर सोडू नका.’

शाळा सुटायची वेळ झाली होती. तिनं नवऱ्याला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तेच. चपला नीट न घालताच ती जिने उतरली आणि मागच्या गल्लीत पळत सुटली. सारखं वाटत होतं, आपण पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल.

शाळेच्या फाटकाशी माणसांचं कडं पडलं होतं. मध्ये तिचा नवरा. एकानं त्याची कॉलर धरली होती, शर्ट खांद्यावर फाटला होता.

“अहो, मी बाप आहे तिचा!”

“सापडल्यावर सगळे बापच असतात.”

शाळेत नव्यानं आलेल्या बाईंनी लेकीला जवळ घेतलं होतं. “सांग बाळा, हे कोण तुझे?”

कुणीतरी पोरीसमोर मोबाइल धरला होता. तिनं त्यातल्या लाल गोलाकडे पाहिलं, मग बापाकडे. तिचे ओठ हलले, आवाज फुटेना. “बघा, ओळखतसुद्धा नाही!” कुणीतरी ओरडलं आणि एक हात वर उठला.

“थांबा!” फुटेजबाई गर्दीत घुसली. “माझा नवरा आहे तो! ते फुटेज मी ठेवलंय, मी!” गळ्यातलं ओळखपत्र ती प्रत्येकाच्या नाकासमोर धरत होती. कॉलरवरची मूठ सावकाश सुटली. माफी कुणी मागितली नाही. “काळजीपोटी हो,” एक जण म्हणाला आणि पांगणाऱ्यांत मिसळला.

नवरा कसंबसं हसला आणि त्यानं लेकीपुढे हात केला. पोर आईच्या मागे सरकली.

“अगं, बाबा आहे,” ती म्हणाली.

त्यानं हात मागे घेतला. “राहू दे. तुम्ही व्हा पुढे.”

दोघी चालू लागल्या. कोपरा वळला. मग आईचा हात घट्ट धरून लेकीनं हळूच विचारलं, “बाबा आपल्या मागून येतोय?”

“हो गं, येतोय.”

“मग भरभर चाल ना, आई.”